चार हातांचे घर: लहान मुलाला घेऊन पुण्याहून जर्मनीला जाताना

आमचा मुलगा दोन वर्षांचा होत असताना आम्ही कोथरूडचे घर बंद करून दक्षिण जर्मनीत गेलो आणि सहा वर्षांनी परत आलो. तेव्हापासून हिंजवडी, खराडी किंवा चाकणच्या एखाद्या कंपनीतून तिकडे निघालेले कोणी ना कोणी ओळखीचे कुटुंब महिन्या-दोन महिन्यांनी घरी येते, आणि त्यांचे प्रश्न बहुधा पगार, घरभाडे, थंडी आणि तूप यांभोवती फिरतात. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच, परंतु त्यांची उत्तरे कोणीही देऊ शकते. जो हिशेब आम्ही निघण्यापूर्वी केला नव्हता, तो हातांचा होता. पुण्यात आमच्या मुलाला आई-बाबांखेरीज आजी, आजोबा, सकाळी कामाला येणाऱ्या मावशी, खालच्या मजल्यावरच्या काकू आणि पाळणाघरातल्या ताई असे मोजून चौदा हात सांभाळत होते. विमानतळावर उतरलो तेव्हा ते चार झाले, आणि त्यांपैकी दोन सकाळी आठ ते संध्याकाळी सहा कचेरीत अडकलेले असत. पुढच्या सर्व सूचना या एका अडचणीच्या बाजूने लिहिल्या आहेत. उदाहरण जर्मनीचे घेतले आहे, कारण अनुभव तिथलाच आहे. इतर देशांत कायदे आणि रकमा बदलतील, हातांचा हिशेब मात्र फारसा बदलणार नाही.

निघण्यापूर्वी चार महिने: कागद

सुरुवात मुलाच्या जन्मदाखल्यापासून करावी. महानगरपालिकेकडून बारशाआधीच काढलेल्या दाखल्यावर पुष्कळदा मुलाचे नावच नसते, आणि ही गोष्ट पासपोर्टच्या वेळी लक्षात आली तर महिना हातचा जातो. नाव नोंदवून, इंग्रजी मजकूर असलेली नवी प्रत घ्यावी आणि आई-वडिलांची नावे दोघांच्या पासपोर्टवरील नावांशी अक्षरन् अक्षर जुळतात का, ते पाहावे. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठीच मिळतो, त्यामुळे परदेशात असतानाच तो एकदा नव्याने काढावा लागणार हे गृहीत धरावे. जर्मनीत ते काम बर्लिनचा भारतीय दूतावास किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक आणि हॅम्बुर्ग येथील वाणिज्य दूतावास करतात.

नावाचा एक खास महाराष्ट्रीय गुंता आहे. आपण मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतो, आणि पासपोर्टमध्ये ही दोन्ही नावे आडनावाव्यतिरिक्तच्या रकान्यात एकत्र येतात. जर्मन कार्यालय त्या रकान्यातील सर्व शब्द मुलाचीच नावे समजते. परिणामी आमच्या ओळखीच्या एका चिमुरडीला डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात तिच्या वडिलांच्या नावासकट पुकारले जाई आणि सगळे जण एखादा मुलगा उठून येण्याची वाट पाहत. पासपोर्ट अद्याप काढला नसेल, तर वडिलांचे नाव त्या रकान्यात हवे आहे का, याचा निर्णय आत्ताच जाणीवपूर्वक घ्यावा.

कागदपत्रांवर सरसकट अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा, शिक्का मारून देणारे दलाल पुण्यात भरपूर आहेत. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, परंतु जर्मनीने त्यावर आक्षेप नोंदवला. त्यामुळे भारतीय कागदांच्या बाबतीत जर्मन कार्यालये शिक्क्यावर विसंबून न राहता, गरज वाटल्यास स्वतंत्र पडताळणी करवून घेतात. ज्या कार्यालयाला कागद द्यायचा आहे त्याने मागितले असेल तेवढेच करावे. दलालाने सांगितले म्हणून पैसे खर्च करू नयेत.

लसीकरणाच्या पत्रिकेला जर्मनीत पासपोर्टइतकेच महत्त्व आहे. १ मार्च २०२० पासून तिथे गोवर संरक्षण कायदा लागू आहे. त्यानुसार वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला गोवरप्रतिबंधक लसीची एक आणि दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दोन मात्रा दिल्याचा पुरावा असल्याशिवाय पाळणाघरात प्रवेश मिळत नाही. आपल्याकडील सरकारी वेळापत्रकात दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते, म्हणून निघण्याची तारीख या काळात येत असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोलून ती इथेच घेऊन टाकणे सोयीचे. पत्रिकेतील गिचमिड अक्षर तिकडच्या डॉक्टरांना वाचता येणार नाही. सर्व लसींची नावे आणि तारखा टंकलिखित करून त्यावर इथल्या डॉक्टरांची सही-शिक्का घ्यावा. क्षयरोगप्रतिबंधक बीसीजीची लस जर्मनीत १९९८ पासून नेहमीच्या वेळापत्रकात नाही, त्यामुळे दंडावरचा व्रण कशाचा, असा प्रश्न हमखास येतो. ती नोंद ठळक असावी.

भाषा कोणी शिकायची

कंपनी बहुधा नोकरी करणाऱ्या व्यक्तीला भाषेच्या वर्गाला पाठवते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. कचेरीचे काम इंग्रजीत चालते, परंतु पाळणाघर, बालरोगतज्ज्ञांची स्वागतिका, घसरगुंडीजवळ उभ्या असलेल्या आया आणि शेजारच्या आजी इंग्रजीत बोलतीलच असे नाही. मुलाचा दिवस ज्याच्याकडे असणार आहे, त्या पालकाने आधी शिकावे. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्याचा वास्तव्य परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि नेमक्या याच सवलतीमुळे बरेच जण शिकणे पुढे ढकलतात. पुण्यात मॅक्समुल्लर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. इथे आजी मुलाला सांभाळायला असताना जे दोन तास अभ्यासाला मिळतात, ते तिकडे गेल्यावर मिळत नाहीत. पहिली पातळी पूर्ण झाली तरी ‘त्याला ताप आहे’, ‘तो रात्री झोपला नाही’, ‘त्याला मांस चालत नाही’ ही तीन वाक्ये अडखळत का होईना सांगता येतात, आणि पहिल्या हिवाळ्यात बहुतेक काम या तीन वाक्यांवरच निघते.

सामान

याविषयी थोडक्यातच लिहिते, कारण प्रत्येक घरात या विषयाचे तज्ज्ञ असतातच. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, बर्फी आणि खवा त्यात मोडतात. बंद डब्यातील तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला ठरावीक वजनापर्यंत सूट आहे. आंब्यांची पेटीही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. नारळ आणि केळी मात्र चालतात. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, नाचणीचे सत्त्व आणि बाकरवडी यांना जागा ठेवावी. कुकर इंडक्शनवर चालणारा घ्यावा आणि त्याची दोन रबरे जास्तीची न्यावीत. मुलांचे थंडीचे कपडे पुण्यातून नेऊ नयेत. तिथल्या ओल्या थंडीला आपले लोकरीचे स्वेटर पुरत नाहीत, आणि जुन्या कपड्यांच्या बाजारात चांगल्या प्रतीचे, मुलाने जेमतेम एक हंगाम वापरलेले कपडे स्वस्तात मिळतात.

एक वस्तू मात्र आठवणीने दोन-दोन घ्यावी: मुलांची पुस्तके. अप्पा बळवंत चौकात जाऊन आठ-दहा चित्रमय मराठी पुस्तकांच्या दोन प्रती घ्याव्यात, एक संच आजी-आजोबांकडे ठेवावा आणि दुसरा बरोबर न्यावा. त्याचा उपयोग पुढे येईल.

पहिले पंधरा दिवस

नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेले पत्र लागते. बाकी सर्व गोष्टी या नोंदणीला लटकलेल्या असतात, म्हणून हे काम कुटुंबातील प्रत्येक सदस्याच्या नावाने, मुलासकट, पहिल्यांदा उरकावे. त्यानंतर आरोग्य विमा. सार्वजनिक विमा योजनेत कमावत्या सदस्याच्या वर्गणीतच मुलांचा आणि उत्पन्न नसलेल्या जोडीदाराचा समावेश होतो. खासगी विम्यात प्रत्येकाची वेगळी वर्गणी भरावी लागते. तरुण वयात खासगी विमा स्वस्त दिसतो, पण मूल असलेल्या कुटुंबाने सही करण्यापूर्वी हा फरक कागदावर मांडून पाहावा.

मुलासाठी मिळणारा मासिक भत्ता, ज्याला तिथे किंडरगेल्ट म्हणतात, २०२६ पासून दरमहा २५९ युरो आहे. अर्ज उशिरा केल्यास मागील सहा महिन्यांपर्यंतचीच रक्कम मिळते, म्हणून ‘स्थिरस्थावर झाल्यावर पाहू’ असे म्हणू नये. आम्ही तसेच म्हटले होते.

बालरोगतज्ज्ञ मूल आजारी पडण्यापूर्वी शोधावेत. बऱ्याच शहरांत डॉक्टर नवे रुग्ण घेत नाहीत, त्यामुळे पाच-सहा ठिकाणी चौकशी करण्याची तयारी ठेवावी. मुलाच्या नियमित तपासण्या ठरावीक वयाला होतात आणि त्यांची नोंद एका पिवळ्या वहीत केली जाते. दोन वर्षांच्या सुमारास सातवी, चार वर्षांच्या सुमारास आठवी, पाच वर्षांच्या सुमारास नववी अशी ही मालिका आहे, आणि बाहेरून आलेल्या मुलालाही जिथे आहे तिथून तिच्यात सामील करून घेतात. दूरध्वनीजवळ दोन क्रमांक लिहून ठेवावेत: जिवावरच्या प्रसंगी ११२, आणि रात्री किंवा रविवारी डॉक्टर हवा असेल पण प्रसंग तेवढा गंभीर नसेल तर ११६११७.

पाळणाघर: सर्वांत अवघड टप्पा

वयाचे पहिले वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला १ ऑगस्ट २०१३ पासून जर्मनीत पाळणाघरातील जागेचा कायदेशीर हक्क आहे. हक्क आणि जागा यांत मात्र अंतर असते. मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी लांबलचक असते आणि नवे वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. पत्ता निश्चित होताच, शक्य असल्यास त्याआधीही, अर्ज करावेत, आणि घरी चार-पाच मुले सांभाळणाऱ्या परवानाधारक बाईंकडे, म्हणजे टागेसमुटरकडे, चौकशी करावी. तीन वर्षांखालील मुलासाठी मला तर तो पर्याय अधिक घरगुती वाटतो. शुल्क राज्यागणिक बदलते. बर्लिनमध्ये पाळणाघराचे शुल्क नाही, म्युनिकसारख्या ठिकाणी भरावे लागते.

जागा मिळाली की बहुतेक भारतीय पालकांना सुटल्यासारखे वाटते, आणि तिथेच चूक होते. तिकडे मूल पहिल्याच दिवशी सोडून जायचे नसते. त्यासाठी सरावाचा ठरलेला काळ असतो. प्रचलित पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर तासभर खोलीत बसतात, फारसे काही न करता. चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी पहिल्यांदा बाहेर जातात, आणि मूल शिक्षिकेकडून शांत होते का, यावर पुढचा वेग ठरतो. दोन-तीन आठवड्यांत हे पार पडते असे सांगितले जाते, परंतु ज्या मुलाला खोलीतला एक शब्दही कळत नाही, त्याला जास्त काळ लागणे स्वाभाविक आहे. आमच्याकडे पाच आठवडे लागले. मी त्याच आठवड्यात भाषेच्या वरच्या वर्गाला नाव घातले होते आणि नवऱ्याची रजा संपलेली होती. शेवटी वर्ग सोडावा लागला आणि भरलेले पैसे गेले. म्हणून स्पष्ट सांगते: पाळणाघर सुरू होण्याच्या तारखेपासून सहा आठवडे एका पालकाने कोणतेही दुसरे काम अंगावर घेऊ नये, आणि कमावत्या पालकाने निदान एक आठवड्याची रजा राखून ठेवावी.

या काळातला एक धडा मला पुण्याच्या सवयीविरुद्ध शिकावा लागला. मूल रडेल म्हणून त्याची नजर चुकवून सटकणे ही आपल्याकडची सर्वमान्य रीत आहे. आजीच त्याला गॅलरीत चिमण्या दाखवायला नेते आणि आई हळूच दार ओढून घेते. तिथल्या शिक्षिकेने हे पहिल्या आठवड्यातच थांबवले. मुलाला सांगून, निरोप घेऊन, तो रडत असला तरी जायचे आणि सांगितलेल्या वेळी परत यायचे, असा तिचा आग्रह होता. पहिले चार दिवस माझ्या पायातले बळ गेले. पाचव्या-सहाव्या दिवशी मात्र तो रडला, तरी दाराकडे पाहत बसला नाही. पूर्वी मी घरात असतानाही तो माझा पदर सोडत नसे, कारण मी कधी नाहीशी होईन याचा त्याला भरवसा नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

निघण्यापूर्वी पुण्यातच करता येण्याजोगी तयारी अशी. मुलाला स्वतःच्या हाताने जेवू द्यावे. आपण चार-पाच वर्षांच्या मुलालाही गोष्टी सांगत घास भरवतो, तिथे दोन वर्षांचे मूल चमचा घेऊन टेबलाशी बसते आणि शिक्षिका भरवत नाही. बूट काढणे आणि घालणे शिकवावे. स्वतःच्या गादीवर, थोपटल्याशिवाय झोपण्याची थोडी सवय लावावी. दुपटे काढलेले नसले तरी चालते, त्याची घाई करू नये. खाण्याविषयीचे नियम तोंडी न सांगता लेखी द्यावेत, आणि ते नेमके असावेत. ‘शाकाहारी’ या शब्दात तिथे अंडे येते, आणि मुलांच्या रंगीत मऊ गोळ्यांमधले जिलेटिन पुष्कळदा डुकराचे असते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी तसे शब्दांत लिहावे. डब्यात बारीक थालीपीठ, धिरडे, फळांच्या फोडी उत्तम चालतात. दाण्याचा कूट असलेले काहीही देण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण ॲलर्जीमुळे अनेक ठिकाणी दाणे आणि सुका मेवा वर्ज्य असतो.

मुले पावसात, चिखलात आणि बर्फात रोज बाहेर नेली जातात. त्यासाठी रबरी विजार, रबरी बूट आणि कपड्यांचा एक बदली जोड पाळणाघरात ठेवावा लागतो, आणि प्रत्येक वस्तूवर नाव लिहावे लागते. पहिल्या आठवड्यात चिखलाने माखलेले मूल पाहून आमच्या सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारले होते, ‘अगं, शाळेत घातलंय ना त्याला?’

आजारपणे आणि कचेरी

पाळणाघराच्या पहिल्या वर्षभरात मूल आठ-दहा वेळा सर्दी-तापाने आजारी पडणे ही नेहमीची गोष्ट आहे. ताप असलेले मूल पाळणाघर घेत नाही आणि ताप गेल्यावरही बहुधा एक पूर्ण दिवस घरी ठेवायला सांगते. पुण्यात अशा दिवशी आजी येते. तिकडे रजा घ्यावी लागते. सार्वजनिक विमा असलेल्या प्रत्येक पालकाला बारा वर्षांखालील आजारी मुलासाठी २०२४ पासून वर्षाला पंधरा दिवसांची सोय आहे, आणि त्यासाठी डॉक्टरांचे पत्र लागते. ही रजा आई आणि वडील यांनी आलटून पालटून घ्यावी. वडिलांनी ती घेतली तर तिथल्या कचेरीत कोणी भुवया उंचावत नाही. संकोच असतो तो आपल्याच मनात.

डॉक्टर लगेच प्रतिजैविके देत नाहीत. मिठाच्या पाण्याचे थेंब, भरपूर पाणी, विश्रांती आणि तीन दिवसांनी पुन्हा या, असा सल्ला मिळतो. पुण्यातल्या डॉक्टरांना फोन करून औषध विचारणे आणि बॅगेतून आणलेली बाटली काढणे हा मोह सर्वांना होतो, पण तपासणारा एक आणि औषध सांगणारा दुसरा अशी विभागणी करू नये.

मारणे आणि ओरडणे

हा भाग छोटा असला तरी वगळण्याजोगा नाही. जर्मनीच्या नागरी संहितेत २००० पासून मुलाला हिंसेविना वाढण्याचा हक्क दिलेला आहे, आणि त्यात शारीरिक शिक्षा व अपमानास्पद वागणूक दोन्ही येतात. आपल्याकडे सहज दिला जाणारा धपाटा तिथे कायद्याविरुद्ध आहे. भेटीला येणाऱ्या आजी-आजोबांनाही हे आधी सांगून ठेवावे. लहान मुलाला घरी एकटे ठेवून खाली दुकानात जाणे टाळावे, आणि गाडीत बारा वर्षांखालील, दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य आसनाशिवाय बसवू नये.

घरातली मराठी

पाळणाघरात जाऊ लागलेले मूल पहिले काही महिने तिथे एक शब्दही बोलत नाही, आणि पालक घाबरून घरातही त्याच्याशी मोडकी जर्मन बोलू लागतात. असे करू नये. गप्प राहण्याच्या या काळात मूल ऐकत असते, आणि जर्मन ते शिक्षिकांकडून व मुलांकडून आपल्यापेक्षा कितीतरी शुद्ध शिकते. आपल्याकडून त्याला मिळू शकते ती मराठी, आणि ती दुसरीकडून मिळणार नाही.

खरी कसोटी वर्ष-दीड वर्षाने येते. मूल मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देऊ लागते. रागावल्याने किंवा ‘मला कळलंच नाही’ असे नाटक केल्याने फारसा उपयोग होत नाही, कारण आपल्याला कळले आहे हे त्याला ठाऊक असते. आम्हाला उपयोगी पडली ती साधी युक्ती: त्याने जे जर्मनमध्ये सांगितले तेच आपण मराठीत, जरा वाढवून, सहज म्हणून दाखवायचे आणि संभाषण पुढे न्यायचे. तो म्हणाला की बर्फ वितळला, तर आपण म्हणायचे, ‘हो ना, सगळा बर्फ वितळला, आता आपले बूट चिखलाने भरणार.’ दिवसातून पन्नास वेळा हे करावे लागते आणि कंटाळाही येतो.

आजी-आजोबांशी होणारे व्हिडिओ कॉल हा मराठीचा मोठा आधार आहे, पण ‘बोल ना आजीशी, काय केलंस आज शाळेत?’ या प्रश्नाने तो वाया जातो. तीन वर्षांच्या मुलाला पडद्यापुढे बसून मुलाखत देता येत नाही. इथे दोन प्रतींची ती पुस्तके कामी येतात. आजोबांनी पुण्यात पान उलटले की त्यानेही तिकडे उलटायचे, असा खेळ आमच्याकडे चार वर्षे चालला. आजी लाडू वळत असेल तर फोन ओट्यावर ठेवून तिने नुसते वळावे. तो तिकडे मातीचे लाडू वळेल. वेळेचे गणित सांभाळावे: मार्चअखेरच्या रविवारपासून ऑक्टोबरअखेरच्या रविवारपर्यंत आपण साडेतीन तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेचार तास. मूल दुपारी चारला घरी आले तर पुण्यात साडेसात किंवा साडेआठ वाजलेले असतात, म्हणजे आजी-आजोबांच्या जेवणाच्या आधीची निवांत वेळ साधते.

नातीही भाषेसोबतच शिकवावी लागतात. जर्मनमध्ये काका आणि मामा एकाच शब्दात येतात, आत्या, मावशी, काकू, मामी दुसऱ्या एका शब्दात. फ्रीजवर सर्वांचे फोटो लावून खाली नाते लिहावे आणि दुधाचा पेला देताना सहज विचारावे. लिपीला सहाव्या वर्षानंतर, जर्मन अक्षरे पक्की होऊ लागली की, रोज दहा मिनिटे द्यावीत. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर मोफत उतरवून घेता येतात.

आजी-आजोबांची भेट

जर्मनीसह युरोपातील अनेक देशांना चालणाऱ्या अल्पकालीन शेंगेन व्हिसावर १८० दिवसांच्या कोणत्याही कालावधीत ९० दिवस राहता येते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि किमान तीस हजार युरोचे प्रवासी वैद्यकीय विमासंरक्षण लागते. असा विमा बहुधा आधीपासूनच्या आजारांचा खर्च देत नाही, ही ओळ मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येक घराने नीट वाचावी. तीन महिने पुरतील एवढी औषधे, मूळ चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत. १ मार्च २०२४ नंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कर्मचाऱ्यांना आई-वडिलांना दीर्घकाळासाठी आणण्याची कायदेशीर वाट खुली झाली आहे, परंतु त्या वयात आरोग्य विमा मिळवणे हाच तिथला मोठा अडसर ठरतो.

दोन्हीकडच्या आजी-आजोबांना एकाच वेळी बोलावू नये. नव्वद दिवसांचे हात दोनदा मिळतात, ते एकत्र खर्च कशाला करायचे? डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो आणि ज्येष्ठ माणसे घरात कोंडली जातात, म्हणून एप्रिल ते जुलै हा काळ बरा. पाळणाघर सुरू होण्याच्या वेळी त्यांना बोलावण्याचा मोह मी मैत्रिणींना टाळायला सांगते. घरी आजी आहे हे माहीत असलेले मूल पाळणाघरात का थांबेल? सराव पूर्ण झाल्यावर, पहिल्या आजारपणांच्या दिवसांत ते आले तर खरी मदत होते.

त्यांच्याही दिवसाचा विचार करावा. पत्ता आणि आपले क्रमांक लिहिलेले कार्ड, बसचा महिन्याचा पास आणि बागेपर्यंतचा एक ठरलेला रस्ता एवढे दिले की आजोबा दुसऱ्या आठवड्यात नातवाला घेऊन एकटे बाहेर पडतात. स्वयंपाक, भांडी आणि मूल हे तिन्ही त्यांच्यावर टाकून आपण निश्चिंत झालो, तर ती भेट त्यांना नोकरी वाटू लागते. ते कधी बोलून दाखवत नाहीत एवढेच.

पुण्याला येण्याचे वेळापत्रकही मुलाच्या वयावर ठरते. सहाव्या वर्षी शाळा सुरू झाली की सत्राच्या मध्ये सहलीसाठी रजा मिळत नाही, आणि न विचारता नेल्यास दंड होऊ शकतो. म्हणून शाळेआधीच्या वर्षांत दिवाळीला यावे, ती संधी नंतर राहत नाही. गणपतीचे गणित राज्यावर अवलंबून आहे. बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग येथील उन्हाळ्याची सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात २०२५ ची सुट्टी २६ ऑगस्टला संपली, आणि २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती.

तिथले हात

चौदा हातांची जागा तिथे कोणी भरून काढत नाही, परंतु चाराचे आठ नक्की होतात. खेळायच्या मैदानावर रोज त्याच वेळी जावे. ओळख तिथे पहिल्या दिवशी होत नाही, विसाव्या दिवशी होते. क्रीडा मंडळांत लहान मुले आणि पालक यांचे एकत्र व्यायामवर्ग असतात, त्यांचे शुल्क माफक असते. पहिली मदत आपण द्यावी: पाळणाघरातल्या एखाद्या मुलाला शनिवारी दोन तास आपल्या घरी बोलवावे. तिथे उसनवारीचा हिशेब कोणी बोलून दाखवत नाही, पण ठेवतो. दोन महिन्यांनी आपल्याला दंतवैद्याकडे जायचे असेल तेव्हा त्याच आईला विचारता येते. शेजारच्या वृद्ध बाईंकडे घराची एक किल्ली ठेवावी आणि दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचे ताट द्यावे. आमच्या शेजारीणबाई चकलीपेक्षा शंकरपाळ्यांवर खूश होत्या. वाढदिवसाच्या आमंत्रणावर सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ लिहिलेली असते, ती दोन्ही पाळावी, आणि भावंडाला सोबत नेऊ नये. महाराष्ट्र मंडळाचा गणपती आणि संक्रांत जरूर करावी, मात्र सगळे हात तिथेच शोधू नयेत, कारण ही मंडळी शहरभर विखुरलेली असतात आणि तापाच्या रात्री वरच्या मजल्यावरचे दारच कामी येते.

दुसरे मूल तिकडे झाले तर

जन्माची नोंद स्थानिक कार्यालयात होतेच. शिवाय भारतीय नागरिकत्वासाठी वाणिज्य दूतावासात एका वर्षाच्या आत नोंदणी करावी लागते. आई किंवा वडील जर्मनीत पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य करून कायमच्या परवान्यावर असतील, तर मूल जन्मतः जर्मन नागरिक होते. जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला चालत नाही. कोणता पासपोर्ट घ्यायचा हे बाळंतपणाच्या आधी शांतपणे ठरवावे, नंतर झोप मिळत नाही.

परत येताना

पिवळी वही आणि लसीकरणाची पत्रिका सामानात न टाकता हातात ठेवावी. शाळेचा दाखला इंग्रजी भाषांतरासह घ्यावा, आणि पुण्यातल्या शाळांशी निदान आठ-दहा महिने आधी बोलणी सुरू करावीत. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानुसार सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे. बोलता येते पण वाचता येत नाही अशा मुलाला तिसरी-चौथीच्या वर्गात बसवले, तर मराठीचा तास त्याला परक्या भाषेचा वाटतो. म्हणून परतण्याचे नक्की होताच रोजची दहा मिनिटे अर्ध्या तासावर न्यावीत. आमच्या मुलाला परत आल्यावर जोडाक्षरांनी तीन महिने छळले. भरवसा होता तो बोलण्याचा: पहिल्या दिवशी शाळेच्या बसमधून उतरून तो थेट खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेला आणि आईला यायला उशीर होणार आहे, तोवर मी इथेच बसतो, असे सांगून चप्पल काढून मोकळा झाला.